रिकामी खुंटी

रात्रीचे दोन वाजून गेले होते. गाय आडली होती. पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता आणि बाहेर दिसत होते ते दोन खूर, तळवे वरच्या बाजूला असलेले. म्हणजे मागचे पाय. वासरू पायाळू येत होतं. सरळ येणाऱ्या वासराचे पुढचे पाय आधी दिसतात, खुरांचे तळवे जमिनीकडे असतात आणि त्या पायांवर नाक टेकलेलं असतं. पायाळू वासराचं डोकं सगळ्यात शेवटी बाहेर येतं आणि नाळ मात्र त्याआधीच दाबली जाते. एकदा कंबर बाहेर पडू लागली की हाताशी मिनिटंच उरतात. डॉक्टर फोनवर होते, घरून निघालेही होते. ते म्हणाले, "मऊ दोर आहे ना? आबांकडे असतो. खुराच्या वरच्या सांध्याच्या वर फास घाला आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढा. मी पोचतोच."

आबांकडे असतो, हे खरं होतं. त्या दोरांनी आबांनी कितीतरी वासरं ओढून काढलेली मी लहानपणापासून पाहिली होती. पांढरे सुती दोर, बोटाएवढे जाड, दोन्ही टोकांना फासे. पण ते ठेवलेले कुठे असतात ते मी कधी पाहिलं नव्हतं, कारण पाहायची वेळच आली नव्हती. आबा हात लांबवायचे आणि दोर त्यांच्या हातात असायचा.

त्या रात्री आबा घरात खाटेवर होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा असंच होतं, उजवा हात-पाय आणि बोलणं एकदमच जातं. त्यांना समजत सगळं होतं, शब्द तेवढे येत नव्हते. मी धावत घरात गेले. "आबा, वासराचे दोर कुठे आहेत?" त्यांनी डोळे उघडले, डावा हात उचलला, बोट वर केलं आणि तोंडातून एकच सूर काढत राहिले. मी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. बोट वरच. डोळ्यांत पाणी.

भावाने तोवर शेड पालथं घातलं होतं. पोत्यांच्या मागे, पेटाऱ्यात, फवारणी पंपाच्या खाली, सगळीकडे. शेवटी ओझं बांधायचा नायलॉनचा राठ दोर घेतला. डॉक्टर आले तेव्हा वासरू बाहेर होतं, पण गेलेलं होतं. गाय वाचली.

दोर वेळेवर मिळाला असता तर वासरू वाचलंच असतं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. पण एका दोरासाठी आमची वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांचं काहीतरी करायला हवं, हे मी पहाटे गोठा धुताना ठरवलं.

आमची शेती लहान. एक गोठा, एक पत्र्याचं शेड, एक धान्याची खोली आणि घराच्या मागची पडवी. एवढ्याशा पसाऱ्यात काय हरवणार, असं कुणालाही वाटेल. पण लहान शेतीतच जास्त हरवतं, असं मला आता वाटतं. मोठ्या शेतात प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो, यंत्राला वेगळी जागा असते. लहान शेतात एकच माणूस सकाळी धार काढतो, दुपारी कुंपण बांधतो, संध्याकाळी पंप दुरुस्त करतो आणि मधल्या वेळात कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बसवतो. पक्कड त्याच्याबरोबर हिंडते आणि जिथे काम थांबतं तिथेच राहते. आबांची पक्कड कुठे आहे ते आबांना ठाऊक असायचं, कारण काम कुठे थांबलं ते त्यांच्या ध्यानात असायचं. चाळीस वर्षं सगळी घडी त्यांच्या डोक्यात नीट बसलेली होती. कुणी काही विचारलं की न पाहता सांगायचे, "पाण्याच्या टाकीमागे, विटेखाली बघ." आणि ते तिथे असायचं. बाहेरून पाहणाऱ्याला ती अडगळ दिसायची. मलाही तेच दिसायचं. त्यावरून मी त्यांच्याशी वादही घातले आहेत.

ती घडी एका दुपारी त्यांच्याबरोबरच मिटली.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही शेड रिकामं केलं. अक्षरशः रिकामं. प्रत्येक वस्तू अंगणात आणून मांडली. हे काम अर्धवट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोपरा कोपरा आवरत गेलं तर पसारा फक्त जागा बदलतो. सगळं उजेडात आलं की आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते पहिल्यांदा दिसतं. आमच्याकडे सात विळे निघाले, त्यातले धार धरणारे तीन. तेरा नंबरचे पाने पाच निघाले, म्हणजे पाना सापडला नाही म्हणून चार वेळा नवा आणला होता. फावडी चार, पण दांडा घट्ट बसलेलं एकच. दांडा हलायला लागला की आबा तात्पुरती पाचर ठोकायचे, आणि ती तात्पुरती पाचर पुढच्या हंगामापर्यंत चालायची. सुट्या खिळ्यांचे आणि नट-बोल्टांचे डबे मोजायला बसले आणि सोडून दिले. एका डब्याच्या तळाशी माझ्या लहानपणच्या सायकलची घंटा निघाली. ती मी पुसून बाजूला ठेवली.

मांडलेल्या वस्तूंचे आम्ही ढीग केले: रोज लागणाऱ्या, हंगामात लागणाऱ्या, दुरुस्त करायच्या, आणि द्यायच्या किंवा मोडीत घालायच्या. चौथा ढीग करताना हात अडतो. "असू दे, कधीतरी उपयोगी पडेल," हे वाक्य शेतकऱ्याच्या घरात उगाच म्हटलं जात नाही. खरोखर उपयोगी पडतं. मोडक्या पाइपचा तुकडा ऐनवेळी नळाला बसतो आणि दिवस वाचतो. म्हणून मी सगळं फेकलं नाही. एक मोठी लाकडी पेटी केली आणि ठरवलं की मोडतोड तिच्यात मावेल तेवढीच ठेवायची. पेटी भरली की नवं आत टाकण्याआधी जुनं काहीतरी बाहेर काढायचं. मर्यादा मनाने घालता येत नाही, पेटीच्या फळ्यांनी घालता येते.

त्या दिवसांत रात्री आबांच्या उशाशी बसून मी जमेल ते वाचायचे. पहिल्या शतकातला रोमन शेतीतज्ज्ञ कॉल्युमेला याचा एक सल्ला तेव्हा वाचनात आला. राबणारी माणसं जितकी असतील त्याच्या दुप्पट लोखंडी अवजारं ठेवावीत, दुरुस्त करून आणि नीट जपून, म्हणजे शेजाऱ्याकडे मागायची वेळ येत नाही. त्याचं कारण त्याने सरळ सांगितलं आहे: अवजाराच्या किमतीपेक्षा खोळंबलेल्या कामाचं नुकसान जास्त असतं. त्याच्या शेतावर राबणारी माणसं गुलाम होती, आणि तो हिशोब धन्याचा होता. हे विसरून तो सल्ला वाचता येत नाही. पण खोळंब्याचं नुकसान स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या लहान शेतकऱ्यालाही तो हिशोब लागू आहे. फक्त "दुप्पट" या शब्दावर न थांबता "दुरुस्त करून आणि जपून" इथपर्यंत वाचायला हवं. आमच्याकडे दुप्पट काय, पाचपट पाने होते, आणि वेळेला एकही हाताला लागत नव्हता.

मग भिंत केली. शेडच्या लांब भिंतीवर फळ्या ठोकल्या, फळ्यांवर खुंट्या. अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या खोल्यांत भिंतभर अशा खुंट्यांची पट्टी असायची. टोपी, कंदील, झाडू, इतकंच काय, खुर्च्यासुद्धा ते खुंटीला उलट्या टांगायचे, म्हणजे खाली झाडायला जमीन मोकळी. जमिनीवर काही ठेवायचं नाही, ही एकच गोष्ट पाळली तरी निम्मं शेड आपोआप लागतं. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूखाली ओल धरते, तिच्याआड उंदीर राहतात, आणि तिच्यावर दुसरी वस्तू येऊन पडते. टांगलेल्या वस्तूवर काही ठेवता येत नाही.

प्रत्येक अवजार टांगून मी त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने रेघ ओढली. फावड्याची रेघ, टिकावाची रेघ, खुरप्यांच्या चार लहान रेघा, पहारीची एक लांब उभी रेघ. कारखान्यांत असे फलक असतात. अवजार काढलं की भिंतीवर त्याची आकृती रिकामी दिसते. नावाच्या चिठ्ठीपेक्षा ही रेघ मला फार बरी वाटते. चिठ्ठी वाचावी लागते, आणि ती उंदीर खातात, ओल खाते. रेघ लांबून, कमी उजेडात, घाईत दिसते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही, पण विळा कुठे जातो ते त्याला कळतं. (विळ्याला हात लावायचा नाही हेही कळतं, धारेची अवजारं त्याच्या हाताच्या वर आहेत.) आणि संध्याकाळी दार लावताना भिंतीकडे एकदा पाहिलं की काय शेतात राहिलं ते समजतं. दिवस मावळताना बांधावर राहिलेलं खुरपं त्याच दिवशी आणलं तर सापडतं. दोन दिवसांनी गवत त्याच्यावर येतं आणि मग ते नांगराच्या नाहीतर गुराच्या पायाखाली सापडतं.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढे मी चूक केली, आणि ती लक्षात यायला दोन महिने लागले.

सगळं एका जागी असावं असं मी ठरवलं होतं. गोठ्यातली झाडणी, खरारा, दावी, धार काढायची भांडी सोडून बाकी यच्चयावत वस्तू शेडच्या भिंतीवर. गोठ्यापासून शेडपर्यंत माझी १८० पावलं होतात. जाऊन-येऊन ३६०. दिवसातून दहा खेपा झाल्या तरी तीन हजार सहाशे पावलं, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि तीही फक्त सुरी आणायला, खिळा आणायला, दोरी कापायला. काही दिवस आम्ही निष्ठेने चाललो. मग येरे माझ्या मागल्या. भावाने एक पक्कड गोठ्याच्या खिडकीत ठेवली. मी एक सुरी धान्याच्या खोलीत दाराच्या चौकटीवर ठेवली. भिंतीवर दोन आकृत्या कायमच्या रिकाम्या राहू लागल्या, आणि मला त्याचा राग यायला लागला. माणसं शिस्त पाळत नाहीत असं मला वाटत होतं.

टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेल्या जपानी पद्धतीत आवराआवरीचे पाच शब्द आहेत: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. नको ते काढणं, हवं ते लावणं, स्वच्छ करणं, ते तसंच चालू राहील अशी रीत घालणं आणि ती रीत अंगवळणी पाडणं. पाचवा शब्द सगळ्यात अवघड असं सगळेच म्हणतात. मला मात्र आता वाटतं की पाचवा जमत नसेल तर बहुतेक वेळा दुसराच चुकलेला असतो. वस्तू चुकीच्या जागी लावली असेल तर ती परत तिथे नेण्याची सवय कुणालाच लागत नाही, आणि लागूही नये. माणसाचे पाय थकलेले असतात आणि ते खरं बोलतात. भावाने पक्कड खिडकीत ठेवली, कारण ती तिथे लागते.

मॅसॅच्युसेट्समधल्या हॅनकॉक इथे शेकर लोकांनी १८२६ मध्ये बांधलेला एक गोल दगडी गोठा आहे. गाई वर्तुळात उभ्या राहायच्या, तोंडं आत करून, आणि मधोमध वाळलेल्या चाऱ्याचा मोठा साठा. चाऱ्याच्या गाड्या वरच्या मजल्यावर शिरायच्या, गोल फिरत मध्यभागी चारा टाकायच्या आणि शिरल्या त्याच दाराने, मागे न घेता, बाहेर पडायच्या. १८६४ मध्ये तो जळाला आणि पुन्हा बांधला गेला. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तिथे कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नसे. चारा कुठे टाकायचा, गाडी कशी वळवायची, गाईला काय कुठे मिळेल, याचं उत्तर इमारतीच्या आकारातच होतं.

तेव्हापासून आम्ही उलट बाजूने विचार करू लागलो. वस्तू कोणत्या जातीची यापेक्षा ती कोणत्या क्षणी हाताला हवी असते ते पाहायचं. पाने, हातोड्या, करवत, कानस, म्हणजे दुरुस्तीचं सगळं शेडच्या भिंतीवरच राहिलं, कारण दुरुस्ती तिथल्या बाकावर होते. पण गोठ्याच्या दाराशी एक लहान फळी आली: पक्कड, सुरी, सुतळी, टॉर्च. पंपाजवळ एका झाकणाच्या डब्यात दोन पाने, टेफ्लॉन टेप, वॉशर. कुंपणासाठी एक बादली केली, तार, खिळे, हातोडी, ताण द्यायचं हत्यार, सगळं तिच्यात. कुंपण हे हिंडतं काम, तेव्हा त्याची जागाही हिंडती हवी. पक्कड एकऐवजी तीन लागल्या. पाने तर आधीच पाच होते, आणि एकाच जागी पाच असण्यापेक्षा पाच जागी एकेक असणं बरं.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की ज्यांच्या बाबतीत सोय पाहायची नाही. त्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या, त्यासाठी पाय दुखले तरी चालतील.

खतं आणि लोखंड हे पहिलं. आबांनी खताच्या पोत्यांच्या वर भिंतीला फावडी टेकवून ठेवलेली असायची. बहुतेक रासायनिक खतं हवेतली ओल ओढून घेतात आणि त्या क्षारांच्या ओलीत लोखंड झपाट्याने गंजतं. नुसत्या दमट हवेतही गंज चढतोच, पण क्षार असले तर त्याला वेगच येतो. अंगणात मांडलं तेव्हा एका फावड्याचं पातं मी बोटाने दाबलं आणि बोट आरपार गेलं. आता खत वेगळ्या कोपऱ्यात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब.

विषारी औषधं कुलपात. मूळ बाटलीत, मूळ लेबलसकट, बियाण्यापासून आणि चाऱ्यापासून दूर. पातळ औषधं खालच्या फळीवर आणि भुकट्या वरच्या फळीवर, म्हणजे एखादी बाटली गळली तरी ती खाली दुसऱ्या पिशवीत झिरपत नाही. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतायचं नाही, एका तासासाठीसुद्धा नाही. आमच्याकडे तशी एक बाटली निघाली. लेबल नसलेली, अर्धी भरलेली, पडवीत, मुलाच्या हाताच्या उंचीवर. ती पाहिल्यावर मी खालीच बसले. ती कुणी ठेवली हे विचारायचं नव्हतं. घरात आम्हा कुणालाही ती आठवत नव्हती, आणि भीती त्याचीच वाटली.

खत आणि इंधनही शेजारी नको. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूटच्या बंदरात जो स्फोट झाला तो वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेल्या सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेटचा होता. आपल्या कोपऱ्यातली चार पोती त्याच्या जवळपासही नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण तिथेही वस्तू होती, जागा होती, आणि ती तिथे का आहे असं रोज विचारणारं कुणी नव्हतं.

चाऱ्याची गंजी तर वेगळीच काळजी. वाळलेल्या चाऱ्यात ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की तो आतून तापतो. रचल्यावर पहिले काही आठवडे त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि काढून हात लावून पाहायची. थर्मामीटर असेल तर उत्तम. आतलं तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं तर धोका सुरू झाला असं धरायचं. ८०च्या आसपास पोचलं तर स्वतः गंजी उकलायला जायचं नाही, कारण हवा लागली की भडका उडतो. आधी अग्निशमन दलाला बोलवायचं. म्हणून चारा आणि ट्रॅक्टर, चारा आणि डिझेल, चारा आणि वेल्डिंग एका छपराखाली नको. आमच्याकडे तिन्ही एका छपराखाली होतं. आता चाऱ्याचं छप्पर निराळं आहे.

आणि चिंध्या. दांड्यांना जवसाचं तेल लावतात. लाकूड त्याने भेगाळत नाही, हाताला गुळगुळीत लागतं, आणि हिवाळ्याच्या एका दुपारी अंगणात बसून सगळे दांडे काचेच्या तुकड्याने घासून, पॉलिश कागद मारून तेल पाजणं हे माझं आता आवडतं काम झालं आहे. पण त्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चिंधीच्या घडीत ती उष्णता कोंडते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. चिंधी दोरीवर पसरून मोकळ्या हवेत वाळवायची, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. हे मला चाळिशीत कळलं. आबांना ठाऊक होतं, त्यांच्या चिंध्या नेहमी कुंपणाच्या तारेवर असायच्या. मला वाटायचं, आळस.

असं एकेक उलगडत गेलं. चुलीच्या धुराजवळ टांगलेले दोर: धुराने कीड लागत नाही. विहिरीच्या कठड्यावर पडलेलं जुनं खुरपं: तिथे कायम शेवाळ धरतं. मी शेड लावत होते आणि लावता लावता त्यांची घडी वाचत होते, अर्धी पुसलेली पाटी वाचावी तशी. जिथे कळलं तिथे ती वस्तू परत त्यांच्याच जागी ठेवली आणि भिंतीवर किंवा खांबावर रेघ ओढली, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला ती वाचावी लागणार नाही.

आबा तोवर काठीच्या आधाराने शेडपर्यंत येऊ लागले होते. दाराशी खुर्ची टाकून बसायचे. भिंतीकडे पाहत राहायचे. त्यांना ते आवडलं की नाही, मला कळत नसे. एकदा भावाने कुदळ टिकावाच्या खुंटीला लावली तर त्यांनी काठी आपटली. तेव्हा कळलं की भिंत ते रोज वाचतात.

एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने खडू मागितला. म्हणजे खडूकडे बोट केलं. मी दिला. ते उठले, भिंतीजवळ गेले, आणि फळीच्या शेवटी जी मोकळी जागा होती तिथे काहीतरी काढू लागले. डावा हात थरथरत होता, रेघ वेडीवाकडी जात होती. एक उभट आकार, वर कमान. झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कंदील?" मी म्हटलं. मान हलली, नाही. "बादली?" नाही. "आबा, दुधाची किटली?" नाही. त्यांनी खडूने कमानीच्या वर एक उभी रेघ ओढली आणि बोट वर केलं. आकाशाकडे. पुन्हा त्या आकाराकडे, पुन्हा वर.

आई बाहेर चारा टाकत होती. तिने ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. त्या रात्रीपासून ते सारखं वर बोट करतात, मला म्हणाली, माणूस जायच्या गोष्टी करायला लागलाय. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. खडूची आकृती मी पुसली नाही. तिच्याखाली एक खुंटी ठोकून ठेवली, रिकामी. रोज संध्याकाळी दार लावताना भिंत पाहायचे तेव्हा ती एक खुंटी रिकामी असायची आणि काय राहिलं ते मला माहीत नसायचं.

पावसाच्या आधी गोठ्याचा एक पत्रा बदलायचा होता. भाऊ शिडीवर चढला. मी खाली शिडी धरून उभी होते.

"ताई," तो वरून म्हणाला, "इथे आढ्याला एक डबा आहे."

तो कोपरा गाय विताना बांधतात तो. बरोबर त्याच्या डोक्यावर, आडव्या वाशाच्या वरच्या अंगाला, तारेच्या आकड्याला पत्र्याचा एक उभट डबा लटकत होता, कमानदार कडीचा. धुराने आणि कोळिष्टकांनी वाशाच्याच रंगाचा झालेला. त्या रात्री आम्ही टॉर्च भिंतींवर मारला होता, जमिनीवर मारला होता, गायीवर मारला होता. वर कुणीच मारला नव्हता. भावाने डबा खाली दिला. झाकण घट्ट होतं. आत कोरड्या फडक्यात गुंडाळलेले दोन पांढरे सुती दोर, फासे विणलेले. साबणाची वडी. नाळेला लावायची आयोडिनची बाटली, रंगाने काठाला चिकटलेली. एक लहान कात्री. ओल लागू नये, उंदरांनी कुरतडू नये, आणि गाय आडलेली असताना एक पाऊलही टाकावं लागू नये म्हणून त्यांनी तो तिथे ठेवला होता. उंची मी नंतर मोजली. आबांनी हात वर केला की बोटं कडीला लागतात तेवढी.

मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने झाकण काढायचा प्रयत्न केला, निघेना, मी काढून दिलं. दोर बाहेर काढले, एक फासा मनगटात घातला, सरकवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो आबा, कळलं." आई दारात उभी होती.

डबा परत आढ्यालाच गेला आहे, आता थोडा खाली, माझा हात पोचेल इतका. गोठ्याच्या त्या खांबावर मी पांढऱ्या रंगाने डब्याची आकृती काढली आणि तिच्या वर एक बाण. शेडच्या भिंतीवरची खडूची आकृती पावसाळी हवेत पुसट होऊ लागली होती. तिच्यावरून ब्रश फिरवताना आधी वाटलं रेघ सरळ करावी. मग ती जशी थरथरत गेली होती तशीच, प्रत्येक वळण धरून, रंगवली. तिच्याखालच्या खुंटीला काहीच टांगलेलं नाही.